वाणातली शतावरी आणि सासूबाईंची थायरॉईडची गोळी

चिखलोलीतल्या बायकांनो, आज डोकं फिरलंय, म्हणून सरळच लिहितेय.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या बी विंगमधल्या काकूंनी वाण म्हणून त्या स्वतः विकतात ती शतावरीच्या कॅप्सूलची डबी वाटली. "हार्मोन्स बॅलन्स होतात," म्हणाल्या. वाणाला नाही कसं म्हणायचं? सासूबाईंनी घेतली.

आज सकाळी त्या जिन्यातच बसल्या, उठवेना. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सुजलेला चेहरा बघून डॉक्टरांनी विचारलं, "थायरॉईडची गोळी कधी बंद केलीत?"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "काकू म्हणाल्या, दोन्ही एकत्र घेऊ नका. मग मी वाणाची चालू ठेवली."

तशीच काकूंच्या दारात गेले. बाई शांतपणे म्हणतात, "फरक नाही पडला? मग डोस वाढवा." वर दुसरी डबी माझ्या हातात! मी ती त्यांच्याच चपलांच्या स्टँडवर आपटून आले. अहो, माल खपवायचाय तर दुकान टाका ना, हळदीकुंकू कशाला नासवता?

तुमच्याकडे आहे का अशी डबी? मग घरातल्या बाईला रोजच्या गोळीचं विचारा. तोंडी उत्तरावर जाऊ नका, पाकीट उघडून बघा. आमचं संक्रांतीपासून भरलेलंच होतं, आणि त्याच कपाटातून मी रोज चहापावडर काढत होते.