दुहेरी गाठीचा गजरा

चतुराबाईला वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचा सदरा मात्र ती अक्षर न् अक्षर वाचायची. नवरा मोतीराम शाळेत कारकून होता आणि उरलेल्या वेळात प्रेमाच्या कादंबऱ्या लिहायचा. त्या अकोल्याच्या उत्तमरावांच्या छापखान्यात छापल्या जायच्या, म्हणून दर महिन्याला तो बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला जायचा. परतला की सदरा आधी चतुराबाईच्या हातात. एकदा खिशात केसांचा आकडा निघाला. एकदा अत्तराचा फाया. एकदा तर फुटक्या बांगडीचा तुकडा.

मग ती घर डोक्यावर घ्यायची. "कोन हाय थे अकोल्यावाली? मले येडी समजून राहिले काय तुमी?"

मोतीराम पाठ फिरवून पालथ्या पेटीवर कागद ठेवायचा आणि टाक दौतीत बुडवायचा. बायको जीव तोडून भांडते आहे आणि हा मेला लिहीत बसतो! तिला वाटायचं, त्या बाईलाच पत्र लिहीत असेल. सहा वर्षं हे चाललं. अंबादेवीच्या वाटेवर फुलं विकताना ती चारचौघींसारखी हसायची, पण लोकांच्या लग्नाचे हार गुंफताना आपला संसार कधी मोडतो, याचीच तिला धास्ती होती.

अठ्ठावन सालच्या उन्हाळ्यात खिशातून मोगऱ्याचा गजरा निघाला. चुरगळलेला, पिवळा पडलेला. आता काय सांगतो बघू, म्हणून ती तोंड उघडणार, तोच तिचं बोट दोऱ्याशी अडलं.

फुलवाल्यांत ज्याची त्याची गाठ वेगळी. कोणी एकेरी मारतं, कोणी नुसता पीळ देऊन सोडतं. चतुराबाई शेवटी उलटा वेढा घेऊन दुहेरी गाठ मारायची, तिच्या आईनं शिकवलेली. अख्ख्या बाजारात तशी गाठ दुसरं कोणी मारत नव्हतं. अकोल्याहून आलेल्या या गजऱ्याला तीच गाठ होती! म्हणजे गजरा तिच्याच टोपलीतला. घरून निघाला आणि अकोला पाहून घरीच परत आला.

बाईसाठी नेला असता, तर तिच्या केसांत राहिला असता. म्हणजे बाई नाहीच. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच, तिला भीती वाटली. बाई ठेवून लपवणारे नवरे तिनं पाहिले होते. नसलेली बाई दाखवणारा नवरा कुठला? त्या दिवशी ती भांडली नाही. मोतीराम मात्र टाक हातात धरून बराच वेळ ताटकळत बसला होता. तिनं ते पाहिलं आणि तिचा संशय आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी त्याचं नवं पुस्तक पदराआड घेऊन ती शेजारच्या बेबीताईंकडे गेली. बेबीताई नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण होत्या. "वाचा बरं बाई, काय लिवलं हाय यात."

सुरुवातीलाच उत्तमरावांनी लिहिलं होतं, की स्त्रीच्या मनाचा असा थांग दुसऱ्या कोणत्याही लेखकाला लागलेला नाही. पुढे मैना नावाची नायिका नवऱ्याशी भांडत होती. 'मला वेडी समजता का तुम्ही? ज्या हातांनी भाकरी थापली, तेच हात आता खरखरीत लागतात होय?'

"थांबा," चतुराबाई म्हणाली. "पुढचं मले माहीत हाय. तिले म्हना, चुलीपुढं एक महिना बसून पाय, मंग समजन पिरेम कसं असते."

बेबीताईंनी पान उलटलं आणि त्या बघतच राहिल्या. शब्द तेच होते, फक्त पुणेरी लुगडं नेसलेले.

एकेक भांडण निघत गेलं. आकड्याचं, अत्तराचं, बांगडीचं. घरात सुख असलं की चतुराबाई तिखटमिठापलीकडे बोलायची नाही. संशयानं पेटली की मात्र तिच्या जिभेला धार यायची. मोतीरामनं हे बरोबर हेरलं होतं. अकोल्याला निघतानाच तो आग लावायची काडी खिशात घालून निघायचा.

घरी येऊन तिनं गजरा त्याच्या कोऱ्या कागदावर ठेवला. "गाठ माही हाय," ती म्हणाली.

मोतीराम म्हणाला, "तुह्यावानी बोलनं कोनालेच जमत नाही, चतुरा. मले दुसरी कोनी नाही. देवाशपथ."

"थे समजलं मले. पन सहा वर्सं मी खरीच रडली ना! लोकाइचे हार गुंफत होती, अन् तुमी मले कवा टाकून देता याची वाट पाहून राहिली होती. थे काहून नाही लिवलं पुस्तकात?"

इतक्या हळू आवाजात ती कधीच बोलली नव्हती. मोतीरामचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, चतुराबाईनं पाहिलं. आणि त्याच वेळी त्याचा उजवा हात, त्याच्याही नकळत, टाकाकडे सरकत होता. तेही तिनं पाहिलं.

तिनं दौत उचलली, मोरीपाशी गेली आणि शाई शेवटच्या थेंबापर्यंत ओतून दिली. दौत विसळली, त्याच्यापुढे पालथी ठेवली आणि टोपली घेऊन बाजाराला निघाली.