निष्ठावंतांचं शहर
लंडनच्या वेम्बलीत आमच्या शेजारी राहणारे काका बेसबॉलमधल्या होमरनला षटकारच म्हणतात, पण कुठल्या शहराचे फॅन सगळ्यात निष्ठावंत, यावर त्यांच्याशी वाद घालायची सोय नाही. आधी ते बॉस्टनची टोपी घालून कचऱ्याची बिन बाहेर काढायचे. अमेरिकेतल्या लेकीनं नोकरी बदलली आणि टोपीवर शिकागो आलं.

"बॉस्टनवाले हरले की कुरकुरतात रे. शिकागोवाले थंडीत कुडकुडतील, पण उठणार नाहीत," त्यांनी मला ठासून सांगितलं.

काल मात्र बिन ढकलताना त्यांचं डोकं उघडंच होतं.

"काका, टोपी कुठंय?"

"तसं बघितलं तर आपल्या वेम्बलीचे फॅनही काही कमी नाहीत."

"पण वेम्बलीत बेसबॉल कुठाय?"

"नसेना का. लेक शनिवारी परत येतेय. कायमची."