टेम्पोतला इंग्रजीचा तास

टकळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तोंड मिटत नाही म्हणून आईने ठेवलेलं. शाळा बंद होऊन मोबाइलवर आली आणि हीच पोर मुकी झाली. घरात मोबाइल एकच, तो बापाच्या खिशात, आणि बाप दिवसभर टेम्पोवर. इंग्रजीच्या बाई सकाळी मुलांकडून स्वतःच्या नंबरवर आवाज रेकॉर्ड करून मागवत आणि वर्गाच्या ग्रुपवर नाव घेऊन उत्तर देत. टकळीचा आवाज जायचा दिवेलागणीला. तोवर बाई घरकामात. तिला उत्तर म्हणून आलंच नाही.

ग्रुपवर दुसऱ्या मुलीला मिळालेली शाबासकी ती परत परत ऐकायची, आणि मान मात्र स्वतः डोलवायची.

शेवटी हट्टाला पेटली. "मला उद्या टेम्पोत ने."

"टेम्पो काय सहलीला निघालाय?" बाप करवादला. पण नेलं.

त्या दिवशी इंग्रजीत वडिलांविषयी बोलायचं होतं. टकळीने मोबाइल ओठांशी धरून आवाज पाठवला. लगेच बाई बोलल्या, चक्क तिच्याशी! "बाळा, घरघर फार येतेय गं. परत पाठव."

आता आली पंचाईत. टेम्पोचा सेल्फ गेलेला. इंजिन बंद केलं की धक्का मारल्याशिवाय चालू व्हायचं नाही, म्हणून बाप ते उतारावरच बंद करी. इथे रस्ता सपाट. बापाने पोरीकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली.

"बोल. ढकलायला काय तुझी आजी येणार नाहीये."

पोर बोलली. सावकाश, एकही शब्द न गिळता. बाप श्वास धरून बसलेला.

"काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

"टेम्पो चालवतोस म्हणून."

"बंद पडतो ते नाही ना सांगितलंस?"

वाटेवरच्या दोघांनी हात लावला, टेम्पो निघाला. गोदामात बाप क्रेट उतरवत होता, तेव्हा माइकची खूण निळी झाली. बाईंनी ऐकलं होतं. टकळीने मोबाइल कानाला लावूनच ठेवला. तास संपून गेला.

"आलं का काही?" बापाने घाम पुसत विचारलं.

"ऐकलंय त्यांनी."

"मग झालं की!"

"जेवायला बसल्या असतील. जेवताना कोण बोलतंय, नाही का?"

तेवढ्यात मोबाइल वाजला. गिऱ्हाईक. तिने तो बापाच्या हातात दिला, पण बोटं सुटेनात.

"थोडक्यात बोल हं, बाबा. मध्येच बाईंचं आलं तर?"