चाचीला सांगितलेले फोटो

माझं माहेर दौंडचं. रेल्वे कॉलनीत आमच्या शेजारी एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर राहायचे. म्हातारपणी ते मुलीकडे परदेशी कायमचे जायला निघाले, तेव्हा घरातलं सामान वाटून टाकताना त्यांनी आपला जुना कॅमेरा माझ्या वडिलांच्या हातात ठेवला. वडील पार्सल ऑफिसात होते. त्यांना पार्सलं कळायची, कॅमेरा कळत नव्हता. मी मात्र तो कातडी पेटीतून काढून डोळ्याला लावला आणि अंगणातली तुळस एकदम माझ्याजवळ आली. पुढे लग्न होऊन मी न्हावऱ्याला गेले, तेव्हा साड्यांच्या घडीत गुंडाळून तोही माझ्याबरोबर आला.

न्हावऱ्यात मी शाळेत शिक्षिका होते. नवरा साखर कारखान्यात. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती ती. बाईमाणसानं गळ्यात कॅमेरा अडकवून बांधाबांधानं फिरायचं, याचं लोकांना सुरुवातीला नवल वाटलं. कुणी विचारायचं, "बाई, पेपरात देणार व्हय?" मी नाही म्हटलं की ते निवांत व्हायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. मग मला हवा तसा फोटो मिळायचा.

रोल जपून वापरायचा असे. दिवाळीनंतर घातलेला रोल उन्हं तापेपर्यंत पुरायचा. मग तो शिरूरच्या स्टुडिओत धुवायला टाकायचा, आणि पाकीट हातात यायचं तेव्हा बाहेर चैत्राचं ऊन रणरणत असायचं, अंगणात साठवणीच्या कांद्याच्या ढिगांच्या आरणी लागलेल्या असायच्या, आणि पाकिटातून निघायची थंडी. स्वेटर घातलेली पोरं. पहाटे पाचटाच्या कोप्यांसमोर शेकत बसलेले ऊसतोडीवाले. दवानं भिजलेल्या हरभऱ्यावरचं कोळ्याचं जाळं. मी पंख्याखाली बसून ती थंडी बघायचे आणि माझ्या अंगावर खरोखर काटा यायचा. आपण नक्की कुठल्या महिन्यात आहोत, हे क्षणभर विसरायला व्हायचं. मला वाटतं, फोटोपेक्षा त्या विसरण्याचाच मला नाद लागला होता.

आमच्या भिंतीला भिंत लागून चाचीचं घर होतं. सगळं गाव तिला चाची म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले. चार पिढ्या त्यांच्या न्हावऱ्यातच गेलेल्या. तिचा मुलगा टेम्पोवर होता, गावचा कांदा मार्केटला न्यायचा. सून घर आणि दोन म्हशी सांभाळायची, आणि नुकतीच पावलं टाकायला लागलेली एक नात होती. चाचीला मोतीबिंदू झाला होता. दोन्ही डोळ्यांत. उजेड-अंधार कळायचा, समोर कुणीतरी आहे एवढं कळायचं, बाकी सगळं आवाजावर. दिवसभर ती ओट्यावर बसून असायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पायरवावरून ओळखायची.

एकदा उन्हाळ्यात असंच पाकीट घेऊन मी एसटीतून उतरले आणि ओट्यावर तिच्याशेजारी टेकले. कागदाचा आवाज ऐकून तिनं हात पुढं केला.

"काय हाय?"

"फोटो आहेत, चाची. मी काढलेले."

तिनं एक हातात घेतला, बोटानं चाचपला. गुळगुळीत कागद. उलटाच धरला होता.

"ह्यात काय हाय, सांग की."

"बैलगाडी आहे. उसाची."

"आन्?"

मला आणखी काय सांगावं कळेना. "रस्ता आहे," म्हटलं.

"गाडीवाला जागा हाय का झोपलाय?"

मी फोटो डोळ्याजवळ घेतला. गाडीवाला उसाच्या ढिगावर पाठ टेकून बसला होता, मान कलली होती. "झोपलाय," मी म्हटलं.

"आन् बैलं चालल्यात!" ती हसली. "त्यांना म्हाईत असतंय कारखाना कुठं हाय ते. डोक्याला काय गुंडाळलंय त्यानं?"

"मफलर. नाही, थांबा... टॉवेल आहे. चौकड्याचा."

अशी ती संध्याकाळ गेली. एकेक फोटो मी सांगायचा आणि तिनं त्यात शिरायचं. झाडाला पानं हायत का? कुत्रं कुणाकडं बघतंय? त्या बाईच्या पदराखाली लेकरू हाय का नुसताच पदर फुगलाय? माझेच फोटो मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितले.

मग ते आमचं ठरूनच गेलं. पावसाळ्यात श्रावणातल्या उन्हात चमकणारी बाजरी, भाद्रपदात शेतातल्या माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकलणाऱ्या बाया, घोड नदीला धरणाचं पाणी सुटल्यावर पुलावर जमलेली माणसं, हे सगळं मी आधी डोळ्यानं टिपायचे, मग कॅमेऱ्यात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी ओट्यावर बसून शब्दांत. बटण दाबण्याआधी माझ्या मनात चाची विचारायची, "आन्?" की मी थोडी थांबायचे. वारा यायचा, बाजरीची कणसं एका बाजूला कलायची, गोफण फिरवणाऱ्या बाईचा हात वर जायचा. तेव्हा कुठे बोट हलायचं.

दसऱ्याच्या सुमाराला आलेल्या पाकिटात चाचीचाच एक फोटो निघाला. ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडताना तिला न सांगता मी तो काढला होता. नात पाठीमागून तिच्या गळ्यात पडलेली, आणि दोघींच्या तोंडावर ऊन.

"हा तुमचा आहे," मी म्हटलं.

"माझा?" तिनं पदर सारखा केला, जणू फोटो अजून काढायचा होता. "सांग बरं, कशी दिसती मी?"

मी सवयीनं सांगत गेले. शेंगांचं सूप, हिरवी साडी, उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या. "केस पांढरेशुभ्र झालेत अगदी, उन्हात चांदीसारखे दिसतायत."

तिनं हात केसांवरून फिरवला. मग हळूच म्हणाली, "सगळे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं आरशात शेवटचं पाहिलं तेव्हा फक्त कानशिलापाशी चार केस पिकले होते.

"आन् ही?" तिनं विचारलं. नातीबद्दल. "हिचं नाक कुणासारखं हाय गं? सून म्हंती माझ्यासारखं. पोरगा म्हंतो त्येच्यासारखं."

मी फोटो बघितला, मग तिच्याकडे बघितलं. "तुमच्यासारखं," मी म्हटलं. "नाकच नाही, हसताना डोळे मिटतात तेसुद्धा."

ती बराच वेळ तो कागद मांडीवर धरून बसली. आत सून म्हशीची धार काढत होती, बादलीत दुधाचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मला बघायचंय."

तिच्या मुलानं हे ऐकलं तेव्हा तो टेम्पो धूत होता. हातातला पाइप तसाच वाहत राहिला. कित्येक वर्षं तो आईच्या मागे लागला होता, पण ऑपरेशनचं नाव काढलं की ती उठून जायची. तिच्या थोरल्या बहिणीचा डोळा ऑपरेशननंतर पिकला होता आणि गेला होता. ते दुखणं चाचीनं उशाशी बसून पाहिलेलं. "हाय तेवढा उजेड बी जाईल," एवढंच ती म्हणायची. आता तीच विचारत होती, "थंडी कवा पडती रं?" कारण डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करायचं, असं सगळ्यांचं मत होतं.

थंडी पडली आणि आम्ही शिरूरला गेलो. मी रजा काढली, कारण चाचीनं माझा हात धरून ठेवला होता. जाताना टेम्पोच्या केबिनमध्ये तिचे नुसते ओठ हलत होते. ऑपरेशनच्या खोलीत जाताना दारापाशी थांबली आणि मला म्हणाली, "काय व्हईल ते व्हवो. झालं न्हाई नीट, तर तू सांगतीयासच."

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर तिचा मुलगा आणि मी बसून होतो. समोर कडुलिंबाचं झाड होतं. त्यातून कोवळं ऊन फरशीवर पडलं होतं आणि हलत होतं. कॅमेरा माझ्याजवळ होता, तरी फोटो काढावासा वाटला नाही. मनात भीती होती, की काही बिघडलं तर ते माझ्यामुळे. मी फोटो सांगितले नसते, तर ती आपल्या उजेडात सुखानं बसून राहिली असती.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. डॉक्टरांनी बोटं दाखवून विचारलं, तिनं बरोबर सांगितलं. मुलाकडे बघितलं आणि त्याच्या गालावर हात ठेवला. "किती वाळलायस रं," म्हणाली. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग ती माझ्याकडे वळली. डोळे मिचकावत, पापण्यांतून पाणी गळत, मला नखशिखान्त बघितलं.

"तू एवढी बारीक हायस व्हय?" ती म्हणाली. "आवाज तर चांगल्या जाडजूड बाईचा हाय!"

शेजारच्या खाटांवरच्या सगळ्या बाया हसल्या. मी रडत होते की हसत होते, मला आजही सांगता येणार नाही.

गावात परत आल्यावर काळा चष्मा लावून ती पहिले काही दिवस नुसती नातीकडे बघत बसायची. मग एका दुपारी मी मोठ्या हौसेनं सगळी पाकिटं घेऊन गेले. तिनं फोटो पत्त्यांसारखे भराभर बघितले. बैलगाडी, बाजरी, गोफण, नदी. सगळे बघून झाल्यावर नीट रचून माझ्या हातात दिले.

"ब्येस हायत," ती म्हणाली.

माझा चेहरा पडला असणार, आणि आता तो तिला दिसतही होता. "तसं न्हवं पोरी. तू सांगितलंस ते लई मोठं व्हतं. हे तळहाताएवढं हाय." मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाली, "हे समदं हाय कुठं? तिकडं न्हे मला."

माघातल्या एका रविवारी सकाळी तिच्या मुलाचा टेम्पो रिकामा होता. त्यात बसून आम्ही घोड नदीकाठच्या इनामगावला गेलो. न्हावऱ्यातून निघालो तेव्हा रस्त्यावर उसाच्या गाड्या होत्या. चाची खिडकीतून प्रत्येक गाडीवाल्याकडे वाकून बघत होती आणि जो झोपलेला दिसेल त्याला खुशीत हाक मारत होती. नदीवर पोचलो तर काय, पात्रावर दाट धुकं. पलीकडचा काठ नाही, पाणी नाही, काही नाही. नुसतं पांढरं.

"डोळं उघडून आले मी एवढी," चाची म्हणाली, "आन् ह्यानं झाकून घेतलं!" आणि ती इतकी हसली, की धुक्यातून कुठून तरी एक टिटवी ओरडत उडाली.

आम्ही काठावर थांबलो. धुकं हळूहळू सुटत होतं. आधी एक दगड आला, मग पाण्याची एक पट्टी, मग पलीकडे धुणं धुणाऱ्या बायांचे नुसते आवाज, आणि पुष्कळ वेळानं त्या आवाजांना रंग आले. चाची त्या प्रत्येकाचं नाव घेत होती, "बगळा... शेवरी... ती बघ, लाल साडी," जणू एकेकाला घरात बोलवत होती. मी फोटो काढत होते, पण मला आठवतो तो तिचा आवाज.

तिथे नदीकाठी उंचवट्याची राखी माती आहे. फार जुनी वस्ती होती म्हणतात तिथं, आणि पावसानं माती धुपली की खापरं वर येतात. परत जाताना चाची वाकली आणि तिनं एक तुकडा उचलला. लाल खापर, त्यावर काळ्या रंगाची एक बारीक रेघ, केसाएवढी. मी शेजारून चालत होते, मला ती दिसली नव्हती.

"कुणी काढली असंल?"

"फार फार वर्षांपूर्वी कुणीतरी."

तिनं चष्मा वर करून ती रेघ बघितली, अंगठ्यानं माती पुसून पुन्हा बघितली. "हात स्थिर व्हता बाईचा," म्हणाली. बाईनंच काढली असणार, याबद्दल तिला शंका नव्हती. मग जिथून उचललं तिथंच खापर ठेवून दिलं, रेघेची बाजू वर करून.

त्यानंतर चाची माझ्याबरोबर फिरायला लागली. होळीच्या आधी आम्ही शेवरीची फुलं बघायला गेलो, चैत्रात कांद्याची पात काटणाऱ्या बायांत जाऊन बसलो. तिथं चाची कामालाच लागायची आणि मी एकटी फोटोवाली उरायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी निघाले तेव्हा ती म्हणाली, "मला दौंड बघायचंय. तुझ्याकडनं लई ऐकलं गाडीचं, धड बघितली न्हाई कवा."

वडिलांनी तिचं स्वागत इतकं अगत्यानं केलं, की ती लाजली. संध्याकाळी तिला घेऊन मी स्टेशनच्या पुलावर गेले. ऊन उतरलं होतं, रूळ तांबूस झाले होते आणि भीमेकडून थोडा वारा येत होता. एक मालगाडी आली. सुरुवातीला चाचीनं माझा दंड घट्ट धरला, मग सैल सोडला. डबे आमच्या पायाखालून जात राहिले, कोळशाचे, झाकलेले, रिकामे, एकसारखे, आणि ती कठड्याला टेकून खाली बघत राहिली. खाली पाणीच वाहतंय आणि आपणच पुलासकट उलटे चाललोय, असं वाटायला लागलं. मी तिला काही सांगत नव्हते. ती मला काही विचारत नव्हती.

शेवटच्या डब्यात गार्ड हिरवा झेंडा घेऊन उभा होता. चाचीनं हात वर केला. त्यानं मान वर करून बघितलं आणि झेंडा हलवला, तिच्याकडे की स्टेशनकडे कोण जाणे. डबा लहान होत वळणाआड जाईपर्यंत तिचा हात तसाच वर होता.

"त्यानं मला बघितलं का गं?"

"बघितलं की. झेंडा हलवला ना."

"मग ब्येस," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरायला लागली. एकेका पायरीकडे नीट बघत, माझा हात न धरता.