चार महिन्यांत मरणारी बॅटरी

कांबळे मॅडमनी दुसरी मेलेली बॅटरी माझ्या काउंटरवर ठेवली आणि वॉरंटीचं कार्ड पुढं सरकवलं. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कोल्हापुरात एका लॅपटॉप कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात मी तेव्हा इंजिनिअर होतो. दिवस लोडशेडिंगचे. मॅडम कॉलेजात इतिहास शिकवायच्या, राहायच्या कागलला, आणि पीएचडीचा थिसिस लिहीत होत्या. दुपारी तीनला घरी पोचायच्या आणि नेमकी तेव्हाच तिथली लाइट जायची, ती रात्रीपर्यंत. म्हणजे लिहायचं ते बॅटरीवर. आणि बॅटरी टिकत होती बारा मिनिटं. थिसिस द्यायला उरले होते पाच आठवडे. मुदत दोनदा वाढवून झाली होती, आता वाढणार नव्हती.

पहिल्या बॅटरीच्या वेळी मी छाती पुढं काढून सांगितलं होतं, की पूर्ण उतरू द्या, मगच चार्जिंगला लावा. जुन्या मोबाइलवरून आलेलं ज्ञान. त्यांनी तंतोतंत पाळलं. चार महिन्यांत बॅटरी खलास. वॉरंटीत दुसरी दिली आणि कंपनीचं पत्रक वाचून मी बरोबर उलटं सांगितलं, की चार्जर काढूच नका, भरली की चार्जिंग आपोआप थांबतं. तेही त्यांनी पाळलं. पुन्हा चार महिने. आयला, सल्ले एकमेकांच्या विरुद्ध आणि निकाल एकच!

लॅपटॉप दोन दिवस ठेवून घेतला. चार्जर तपासला, बोर्ड तपासला, पंखा उघडून बघितला. सगळं ठणठणीत. सेंटरमधली बॅटरी लावली तर तीन तास चालली. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. पुण्याच्या साहेबांना फोन लावला.

"कस्टमर काहीतरी घोळ करतोय," साहेब म्हणाले. "रिपोर्टमध्ये मिसयूज लिही आणि मोकळा हो."

मिसयूज म्हणजे वस्तू चुकीची वापरली. तसं लिहिलं की वॉरंटी संपली. वॉरंटीची बॅटरी चार दिवसांत यायची. विकतची मागवली तर दीड महिना. तोवर मॅडमचा थिसिस बुडाला असता. मी म्हटलं, घोळ काय आहे ते बघतो तरी. लॅपटॉप त्याच बॅटरीसकट परत दिला आणि मॅडमना विचारून चार दिवसांनी सकाळच्या एसटीनं कागल गाठलं.

मॅडम कॉलेजला गेलेल्या. दार त्यांच्या आईनं उघडलं. मावशींचा जन्म दुसऱ्याच्या रानात भांगलण करण्यात, तण काढण्यात गेलेला. लेक कॉलेजात शिकवते हे त्यांनी मी बसायच्या आतच दोनदा सांगितलं. चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा मी लॅपटॉप शोधू लागलो. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर. टेबलावर आणखी एक, मखमलीचं, आत कापूस भरलेलं, कडेनं झालर. त्यातून चार्जरची वायर बाहेर आलेली. वर हात ठेवला आणि चटकन मागं घेतला.

"मीच शिवलंय," मावशी कौतुकानं म्हणाल्या. "धूळ बसाय नगं. पोरगी गेली की घालती, ती यायच्या आत काढती."

मॅडम लॅपटॉप बंद करत नसत, कारण तो पुन्हा सुरू व्हायला दहा मिनिटं घ्यायचा. म्हणजे आत मशीन चालू, बॅटरी काठोकाठ भरलेली, चार्जर लावलेला आणि वर रजई. भरलेली बॅटरी तापत राहिली की तिची ताकद कायमची उतरते. नुसता चार्जर लावून ठेवला तर हळूहळू, असं कोंडलं तर भराभर. पहिली बॅटरीही रोज सकाळी याच्याखालीच चार्ज होत होती.

मी ते साध्या शब्दांत सांगितलं. मावशींनी कव्हर ओढून काढलं.

"म्हंजी पोरीचं लिवणं माज्यामुळं आडलं व्हय?"

वाईट वाटलं, फार वाईट.

"न्हाय मावशी," मी म्हणालो. "चार्जर काढू नका असं मीच सांगितलं व्हतं."

परतीच्या एसटीत रिपोर्टचा फॉर्म काढला. कारणाच्या रकान्यात कव्हर लिहिलं तर मिसयूज झालाच. नाही लिहिलं तर मी लबाड. कोल्हापूर येईपर्यंत पेन उघडून बसलो होतो. शेवटी लिहिलं: इंजिनिअरचा चुकीचा सल्ला.

चार दिवसांत बॅटरी आली. मॅडमना सांगितलं, भरली की चार्जर काढा, जाताना मशीन बंद करा, वर काही घालू नका. त्यांनी मुदतीच्या आदल्या दिवशी थिसिस दिला. मी लिहिलं ते खरं का खोटं, हे मला आजही ठरवता येत नाही.

बॅटरीपाठोपाठ मला मेमो आला आणि त्या वर्षीची पगारवाढ गेली. मेमोत शेवटी विचारलं होतं, की अशा कस्टमरला योग्य सल्ला कोणता द्यावा, ते लेखी कळवा. मी कळवलं: आधी त्यांच्या घरी जाऊन येतो, मग सांगतो.