प्लगइनचं बारसं

"तुया बायकोले कमी ऐकू येते काय बे?"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. जिन्याखाली फारूकभाई माझ्या नवऱ्याला विचारत होते आणि मी वरच्या पायरीवर चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

"नाही बे, शांत आहे ती," निखिल म्हणाला.

"शांत वेगळं अन् बहिरं वेगळं! तीनदा आवाज देला, मान नाही हलली!"

मी खाली उतरले, चहा दिला, परत आले. आपण बोलत नसलो की लोक आपल्यासमोर काहीही बोलतात, आणि किस्से आपोआप साठत जातात. लग्न होऊन राजापेठेत आले तेव्हापासून माझ्याकडे ढीग झालाय.

निखिल आणि फारूकभाई घराच्या वरच्या खोलीत प्लगइन बनवतात. म्हणजे गाणं रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम. एक आवाज घुमवतो, एक चढलेला आवाज दाबतो. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर, म्हणून टेस्टिंग माझ्याकडे. प्रत्येक प्लगइनला जगात दुसऱ्या कोणाची नसेल अशी ओळख द्यावी लागते, आणि ती वेबसाइटच्या पत्त्यासारखी लिहितात. त्या पत्त्यावर खरंच पान असायलाच हवं असं काही नाही. एवढी साधी गोष्ट, पण आमच्या घरात कोणाला पटेल तर शपथ!

* * *

सासऱ्यांनी एकदा कौतुकानं तो पत्ता कागदावर उतरवून घेतला आणि सायबर कॅफे गाठला. सोबत शेजारचे देशमुख काका. मुलाचं काम दाखवायचं होतं ना!

पान सापडत नाही, असं स्क्रीनवर आलं. घरी आल्या आल्या आवाज चढला. "काहून बे, बोर्ड लावला अन् दुकानच नाही?"

"बाबा, तिथं काही नसते. ती फक्त ओळख असते."

"मंग पत्ता कायले देता लोकायले?"

संध्याकाळपर्यंत देशमुख काकांनी गल्लीत सांगून टाकलं होतं, "पोरगा हुशार आहे, पण खोटे पत्ते देऊन राहिला!"

* * *

मुळात तो पत्ता आमचा नव्हताच. नियम असा की आपल्या ताब्यातल्या वेबसाइटचंच नाव वापरायचं. निखिलला एका बड्या परदेशी कंपनीचं वापरायचं होतं, भारी वाटतं म्हणून. फारूकभाई भडकले. "दुसऱ्याच्या बंगल्यावर आपली पाटी ठोकतं काय?"

तेव्हा आमची वेबसाइट नव्हती. फारूकभाईंच्या मोठ्या भावाचं अकोल्यात मंडप डेकोरेशन, त्याची होती. भावाला विचारून तीच वापरली. त्यामुळे आमच्या प्रत्येक प्लगइनच्या पोटात 'मंडप' आहे!

पुढे जर्मनीहून एकाची मेल आली : प्लगइन छान आहे, पण हे मंडप म्हणजे काय?

फारूकभाईंनी उत्तर टाइप केलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "जिथं माणसाचा आवाज कायमचा दबतो ती जागा." निखिल पोट धरून हसला. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि ती ओळ खोडली.

* * *

एकदा निखिलनं घुमवणाऱ्या प्लगइनची कॉपी करून आवाज दाबणारा बनवला. आतलं सगळं बदललं, ओळख बदलायची राहिली. दोघांचा पत्ता एकच! कॉम्प्युटरनं पहिला भेटला तोच उचलला.

अकोल्याहून रशीदमामूंचा फोन आला. फारूकभाईंचे हे मामू छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतात. "बेटा, भजनवाल्या बुवांचा आवाज दाबाले गेलो, तं घुमूनच राहिला! बुवा देवाचं नाव एकदा घेते, अन् देव चारदा ऐकून राहिला!"

"मामू, चूक झाली. लगेच दुरुस्त करून पाठवतो."

"थांब, थांब. बुवा म्हणते, राहू द्या."

* * *

सासूबाईंना मात्र पत्त्याचं काही नाही. त्यांचा प्रश्न वेगळा, "प्लगइनचं बारसं कराच्या आधी रास पाह्यली का?"

नावाच्या बाबतीत त्या पक्क्या. लग्नात ताटात तांदूळ पसरून निखिलनं अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, ते त्यांनीच निवडलेलं. निखिलची निकिता. माहेरी, पातूरला, मी तोवर वैशाली होते.

* * *

त्या साली कापसाच्या पडलेल्या भावानं सगळ्यांनाच बसवलं होतं. लग्नं छोटी झाली, बँडवाले घरी. रशीदमामूंकडे एकच मोठं काम होतं, पातूरच्या, त्याच बुवांच्या भजनी मंडळाची सीडी. सगळी भजनं आमच्या प्लगइनवर बांधलेली.

तेवढ्यात आमची स्वतःची वेबसाइट झाली. निखिलनं उत्साहात सगळ्या प्लगइनमधून मंडप काढला आणि नवा पत्ता घातला. मामू दुपारी नवी आवृत्ती घ्यायला येणार होते. मी टेस्टिंगसाठी त्यांचं एक भजन उघडलं. घुमारा नाही, काही नाही. बुवांचा आवाज नुसता कोरडा, खोकल्यासकट. प्लगइन सापडत नाही, असं खाली लिहून आलं.

मी स्क्रीन निखिलकडे वळवली.

"मामू नव्यानं बसवतील. एकेक गाणं उघडाचं, जोडाचं."

"सारी सीडी?" फारूकभाईंचा चेहरा उतरला. "मामू मरते बे!"

"काहून मरतील? आतमंदी सगळं तेच आहे. नावच तं बदललं!"

खाली जिन्याशी मामूंचा ऑटो थांबला. सासूबाईंनी हाक दिली, "निकिता, पाणी आण वो!" मी बसूनच होते. पुन्हा हाक, "निकिता!" फारूकभाईंनी निखिलला कोपरानं ढोसलं.

तेव्हा मी बोलले.

"मले कमी ऐकू येत नाही, फारूकभाई. वैशाली म्हणून आवाज देऊन पाहा, पहिल्या हाकेले उठतो. मामूचं भजनही प्लगइनले जुन्याच नावानं बोलावून राहिलं. पाटीवर काय लिहाचं ते लिहा, पण आतमंदी मंडप राहू द्या."