अक्काचा आकडा
ओल्या वाळूचा वास आला की मला गंगाखेडचा गोदाकाठ दिसतो. निजामाच्या राजवटीतली ती हिवाळ्याची सकाळ होती. पाण्यावर धुकं तरंगत होतं, आणि धुतलेली लुगडी वाळूवर पसरून मी अक्काकडे पाठ करून बसले होते. दुसऱ्या दिवशी ती सासरी जाणार होती, म्हणून मी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. पुढची शाळा उर्दूतून म्हणून चौथीनंतर तिला घरी बसवलेलं, तरी आकड्यांचा तिचा नाद सुटला नव्हता. तिनं काडीनं वाळूत लिहिलं, १४२८५७. "याला दोनानं गुण," ती म्हणाली. मी रागातच गुणलं, २८५७१४ आलं. तीनानं गुणलं, ४२८५७१. तेच सहा अंक त्याच क्रमानं फेर धरत होते, फक्त सुरुवात निराळी. सहापर्यंत तसंच होत गेलं आणि माझा राग कुठे गेला, कळलं नाही. "आता सातानं," मी म्हणाले. "सातचं मी केलंच न्हाई," ती म्हणाली, "तुझ्यासंगं करायचं म्हणून ठेवलंय." दोघींनी मिळून हातचे धरत गुणलं, तर सहाच्या सहा नऊ आले. अक्का कितीतरी वेळ त्या नवांकडे बघत राहिली. मग तिनं माझा हात धरला, तो आईनं हाक मारीपर्यंत सोडला नाही. पुढे मी जन्मभर गणित शिकवलं. एकाला सातानं भागलं की दशांशचिन्हापुढे १४२८५७ हेच अंक पुन्हा पुन्हा निघतात, हे मला ठाऊक आहे. पण घरी बसवलेल्या अक्काला ते कसे सापडले, हे मी ती असेपर्यंत विचारलंच नाही.